धुळ्यातली लेंडी तपासणी: ८० रुपयांत बाटलीचं पितळ उघडं

धुळ्यातल्या जनावरांच्या लॅबला रेटिंग ५ पैकी ४, लेंडीतली जंतांची अंडी मोजून जंताचं औषध लागू पडतंय का ते इथे कळतं. एक स्टार का कापला ते सांगतो पुढे, पण दोन वर्षांपूर्वी मला कुणी म्हटलं असतं की तू बकरीच्या लेंड्या पिशवीत भरून धुळ्याला घेऊन जाशील तर मी त्याला येड्यात काढलं असतं. बायको अजून हसते, म्हणते लोकं धुळ्याला कापड घ्यायला जातात आणि आमचे हे बघा काय घेऊन चालले.

माझ्याकडे साक्री तालुक्यात ४२ बकऱ्या आहेत, बऱ्याचशा गावठी आणि थोड्या उस्मानाबादी, दिवसभर बांधाला नाहीतर नदीकाठाला चरतात आणि संध्याकाळी गोठ्यात थोडा मक्याचा भरडा. मागच्या पावसाळ्यात पोळ्याच्या आगेमागे चार गेल्या. हगवण नाही, ताप नाही, खाणंपण बऱ्यापैकी चालू, नुसत्या कळपाच्या मागे मागे राहायच्या आणि सकाळी बघावं तर जबड्याखाली पिशवीसारखं पाणी उतरलेलं, दाबलं की बोटाचा खड्डा तसाच राहतो. मी म्हटलं जंत नसणार, कारण जंत म्हणजे हगवण हेच लहानपणापासून डोक्यात बसलेलं, आणि जंताचं औषध तर मी वर्षातून चार वेळा पाजतो, त्यात कधी खाडा नाही. आमचा राखोळ्या (बकऱ्या चारणारा गडी) मात्र तेव्हाच बोलला होता, "आप्पा, हाई औसद आते लागत नही." मी त्यालाच झापलं की तूच नीट पाजत नसशील. आई म्हणे "बकरीसले लिमना पाला खावाड". तो कडुलिंबाचा पाला पण खाऊ घातला.

मग तालुक्याच्या एका दुकानात गेलो (नाव घेत नाही, रोज तोंड बघायचं आहे), तर त्याने दुसरी बाटली दिली, म्हणाला ही जबरदस्त चालते. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तर तिसरी दिली, ही अजून महाग. भाचा परभणीला व्हेटर्नरी करतोय, तो गणपतीत आला होता, त्याने तिन्ही बाटल्या ओट्यावर ओळीने मांडल्या आणि बारीक अक्षर वाचून दाखवलं. दोघांवर अल्बेन्डाझोल, तिसरीवर फेनबेन्डाझोल. "मामा, ही सख्खी भावंडं आहेत, एकाच घरातली. एकाला जंत दाद देत नसेल तर दुसऱ्यालापण नाही देणार." म्हणजे मी तीन वेळा पैसे मोजून तेच औषध घेतलं, फक्त बाटलीचं झाकण निळ्याचं हिरवं झालं. शाळेत १० फेब्रुवारीला पोरांना जंतनाशक दिनाची गोळी देतात ती पण अल्बेन्डाझोलच.

त्यानेच या लॅबचं सांगितलं. प्राण्यांचं रक्त, दूध, शेण तपासणारी छोटी खाजगी लॅब आहे, दोन खोल्या आणि एक मायक्रोस्कोप, बाहेर बोर्डसुद्धा नीट दिसत नाही, मी दोनदा पुढे निघून गेलो. पण आतला माणूस कामाचा. मी विचारलं बघू का, तर स्टूल दिलं बसायला. लेंड्या तोलून खलबत्त्यात मिठाच्या पाण्यात घोटल्या, पाणी इतकं खारट की अजून मीठ विरघळत नाही, मग चहाच्या गाळणीसारख्या गाळणीतून गाळलं आणि ड्रॉपरने एका जाड काचेच्या स्लाईडमध्ये भरलं, त्या स्लाईडला मॅकमास्टर म्हणतात, आतमध्ये रेघा आखलेले दोन खाने असतात. पाच मिनिटं तसंच ठेवलं. अंडी खारट पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे वर तरंगून काचेला चिकटतात आणि घाण खाली बसते. नंतर मला डोळा लावायला दिला. लांबट गोल अंडी, आतमध्ये द्राक्षाच्या घडासारखे दाणे, एका रेघेत चार, दुसरीत सात. खान्यातलं एक अंडं म्हणजे एका ग्रॅम लेंडीत ५० असा त्यांचा हिशोब. आपण भातात खडे निवडतो तसं ते अंडी मोजतात, हातात टिकटिक करणारा काऊंटर घेऊन.

आता हिशोबच सांगतो, कारण मला तिथेच धक्का बसला. त्यांनी सांगितलं एका बकरीवरून काही कळत नाही, दहा आणा, कानाला खूण करा, औषध द्यायच्या दिवशी एक सॅम्पल आणि चौदा दिवसांनी त्याच दहांचं दुसरं. औषध चांगलं असेल तर अंडी निदान ९५ टक्के कमी व्हायला पाहिजेत, त्याच्या खाली आलं तर जंत औषधाला पुरून उरायला लागलेत असं धरायचं. पण आधी वजन करा म्हणाले. मी इतकी वर्षं सगळ्यांना अंदाजाने २५ किलो धरून बाटलीच्या टोपणाने पाजत होतो, भाच्याने झाडाला काटा टांगला तर बोकड भरला ४८ किलो! वरून बकरीचं लिव्हर हे औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून बकरीला मेंढीच्या दीडपट ते दुप्पट डोस लागतो, आणि माझ्या बाटलीवर मात्र मेंढी-बकरी एकाच ओळीत छापलेलं. म्हणजे माझा बोकड अर्ध्याच्या अर्ध्या डोसवर होता. अर्धवट डोस दिला की कच्चे जंत मरतात आणि टणक तेवढे उरतात, मग पुढची सगळी पिलावळ त्यांचीच.

तर वजन करून, डॉक्टरांना विचारून पूर्ण डोस दिला. एका ग्रॅममागे अंड्यांची आधीची सरासरी १,८५० आणि चौदा दिवसांनी १,१००. म्हणजे १०० तले फक्त ४० गेले. पूर्ण डोस देऊन!

भाच्याने संध्याकाळी कारण सांगितलं. जंताच्या पेशीत ट्यूब्युलिन नावाचं प्रोटीन असतं, त्याचे बारीक सांगाडे होतात, अल्बेन्डाझोल त्या प्रोटीनला जाऊन चिकटतं आणि सांगाडा उभाच राहू देत नाही, मग जंत उपाशी मरतो. पण त्या प्रोटीनच्या साखळीत २०० नंबरचा एक मणी बदलला की औषधाला चिकटायला जागाच राहत नाही. एक मणी! आणि हे काही आजचं नाही, या घराण्यातलं पहिलं औषध थायाबेन्डाझोल १९६१ मध्ये आलं आणि १९६४ मध्येच अमेरिकेत केंटकीच्या मेंढ्यांत त्याला न जुमानणारे जंत सापडले होते. तीन वर्षात. आपण साठ वर्षांनी अजून बाटलीचा रंग बदलतोय.

त्यात बकरीचा हा जंत, हिमोंकस, म्हणजे पक्का सावकार. चौथ्या पोटात बसून रक्त पितो, एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली, ऐकायला काहीच नाही पण हजार जंत धरले तर रोज ५० मिली, अर्धा कप. मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी टाकते. रक्त पितो म्हणून हगवण लागत नाही, अंगातलं रक्त कमी होतं आणि जबड्याखाली पाणी उतरतं. माझ्या चार अशाच गेल्या.

मग डॉक्टरांनी वेगळ्या घराण्यातलं लेव्हामिसोल दिलं, ते जंताला लुळा करून टाकतं. याचा डोस मात्र अजिबात अंदाजाने देऊ नका, जास्त झालं तर बकरीला बाधतं, आमची एक तर बरोबर डोसवरसुद्धा तासभर लाळ गाळत उभी होती आणि माझाच जीव खालीवर. दहा दिवसांनी त्याच दहांची सरासरी ४०. रिपोर्ट बघितला आणि राखोळ्याला चहा पाजला, सॉरी म्हणता आलं नाही पण समजला तो.

आता एक स्टार कापल्याचं. पहिली खेप माझी वाया गेली, मी सॅम्पल साध्या पिशवीत डिक्कीत टाकून ऊन अंगावर घेत गेलो आणि आकडा एकदम कमी आला, नंतर कळलं की उन्हात अंडी वाटेतच फुटून अळ्या होतात. हे फोनवर आधी सांगायला नको? दहा सॅम्पलचे ८०० रुपये पाण्यात, पेट्रोल वेगळं. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो तो पूर्ण इंग्रजीत, आणि त्यात नुसतं स्ट्रॉन्गाईल लिहिलेलं असतं, कारण या जातीच्या जंतांची अंडी सगळी सारखीच दिसतात, नेमका हिमोंकसच का हे बघायला अळ्या वाढवाव्या लागतात आणि ते काम इथे होत नाही. आमच्या डॉक्टरांनी मेलेल्या बकरीचं पोट उघडून दाखवलं होतं म्हणून मला खात्री, लाल-पांढऱ्या पिळाच्या दोरीसारखे जंत, वळवळत होते.

तरीपण परत जाणार. पुढच्या पावसाळ्यात सगळ्यांना एकदम पाजणार नाही. लॅबवाल्यानेच फामाचा नावाचं कार्ड दाखवलं, दक्षिण आफ्रिकेतल्या फाफा मालान नावाच्या पशुवैद्याच्या नावावरून पडलेलं, त्यावर लालपासून पांढऱ्यापर्यंत पाच रंग, बकरीची खालची पापणी उलटी करून ताडून बघायचं आणि फिकी असेल तिलाच औषध. बाकीच्यांच्या पोटात साधे, औषधाला मरणारे जंत राहू द्यायचे, म्हणजे टणकांचंच राज्य होत नाही. मुद्दाम जंत राहू द्यायचे हे आईला सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. आणि सकाळी दव असताना सोडत नाही आता, अळ्या ओल्या गवतावर चढून बसलेल्या असतात, ऊन तापलं की सोडतो.

जाणाऱ्यांसाठी: लेंडी जमिनीवरची उचलू नका, ताजी थेट पिशवीत घ्या, प्रत्येक बकरीची वेगळी, हवा काढून गाठ मारा, थर्मासमध्ये बर्फासोबत न्या पण फ्रीझरमध्ये गोठवू नका. गाभण बकरीला पहिल्या महिना-दीड महिन्यात अल्बेन्डाझोल नको, डॉक्टरांना विचारा. रविवारी बंद असते, आणि दुपारी एक ते तीन माणूस जेवायला जातो, तेव्हा फोन लावत बसू नका, शेजारच्या शेवभाजीवाल्याकडे बसा, तिथेच असतो तो.