पुणे ते गोवा, आंबोलीमार्गे : वाटेवरील चार्जिंग सेवेचे परीक्षण

पुण्याहून कोल्हापूर, निपाणी, आजरा आणि आंबोली या वाटेने गोव्याला जायचे तर साधारण साडेचारशे किलोमीटर पडतात. ४०.५ किलोवॅट-तास बॅटरीच्या नेक्सॉन ईव्हीची (टाटाची विजेवर चालणारी मोटार) कागदावरची रेंज, म्हणजे एका चार्जवर जाणारे अंतर, ४६५ किलोमीटर असली, तरी चार माणसे, सामान, एसी आणि ताशी नव्वदचा वेग धरल्यावर अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरचाच हिशेब ठेवावा. त्यामुळे वाटेतली चार्जिंगची सोय कशी आहे, यावरच हा प्रवास सुखाचा होतो की काळजीचा, हे ठरते.

कोल्हापूरपर्यंतची सेवा मला चांगली वाटली. सातारा, कऱ्हाड आणि कोल्हापूर परिसरात सीसीएस-२ गनचे (गाडीला जोडायच्या एका ठरावीक प्रकारच्या प्लगचे) डीसी, म्हणजे जलद, चार्जर मिळतात, आणि ५० किलोवॅटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के होण्यास कंपनी सांगते ती ५६ मिनिटे सावकाश जेवणात निघून जातात. ८० टक्क्यांनंतर मात्र बॅटरी जपण्यासाठी गाडी स्वतःच वीज कमी घेऊ लागते, म्हणून मागे कोणी थांबलेले असताना शंभर टक्के होईपर्यंत गन अडवून ठेवू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

माझी खरी तक्रार विश्वासार्हतेबद्दल आहे. एका ठिकाणी अ‍ॅपवर ‘उपलब्ध’ दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद होता. हेल्पलाइनने तो दुरून पुन्हा सुरू केला खरा, पण तोवर बराच वेळ गेला. अनेक ठिकाणी फलकावर ६० किलोवॅट लिहिलेले असते, परंतु दुसऱ्या गनला गाडी लागताच ती वीज दोघांत विभागली जाते आणि आपला वेळ वाढतो, याची सूचना कोठेही नसते. प्रत्येक कंपनीचे अ‍ॅप वेगळे, वॉलेटही वेगळे, आणि त्यांत थोडे थोडे पैसे अडकून पडतात. दर युनिटला साधारण १८ ते २५ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी असा असल्याने घरच्या चार्जिंगपेक्षा हा खर्च बराच जास्त होतो, तरीही पेट्रोलच्या तुलनेत तो मला परवडला.

निपाणीला महामार्ग सोडल्यावर पर्याय विरळ होतात, तेव्हा कोल्हापुरातच ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करून घेणे श्रेयस्कर. आंबोली घाट उतरताना रिजनरेशनमुळे (वेग कमी होताना मोटरनेच वीज तयार करण्यामुळे) एखाद-दोन युनिट वीज बॅटरीत परत येते, त्यामुळे सावंतवाडीपर्यंत पोहोचण्याची चिंता उरत नाही. परतीच्या वाटेवर तोच घाट चढायचा असल्याने मात्र गोव्यातून भरपूर चार्ज करूनच निघावे. आजरा ते आंबोली या टप्प्यात जनरेटरची जोड असलेला दोन गनचा एक भरवशाचा डीसी चार्जर उभा राहिला, तर पावसाळ्यात वीज गेली तरी कुटुंबासह ही वाट निर्धास्तपणे धरता येईल.