पेन्शनवरचं व्यंग: पथनाट्य की बतावणी?

गणेशोत्सवात किंवा संघटनेच्या मेळाव्यात पेन्शनवर काहीतरी चावरं करायचं ठरलं की गाडी दोनच पर्यायांवर येऊन थांबते: पथनाट्य बसवायचं, की तमाशातली बतावणी, म्हणजे सरदार आणि त्याची फिरकी घेणारा सोंगाड्या यांची विनोदी जुगलबंदी, उचलायची? नेपथ्य दोन्हींना लागत नाही, वीस मिनिटांत दोन्ही आटोपतात. फरक पडतो तो भांडण किती जणांचं आहे यावर.

आणि हे भांडण तिघांचं आहे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्याला शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता. त्यानंतर लागलेल्याच्या मूळ पगार अधिक महागाई भत्त्यातून १० टक्के कपात, सरकारचे १४ टक्के, आणि निवृत्तीला जमलेल्या रकमेपैकी किमान ४० टक्के वार्षिकीत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम देणाऱ्या योजनेत. २०२४ मध्ये सुधारित योजना आली, ती पसंत की नापसंत यावर अजून बैठका झडतात. तिसरा कंत्राटी, त्याच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही.

पथनाट्याची बाजू आधी. आठ-दहा जण, एक हलगी, पाच-सहा तालमी. कुणीच कसलेला नट नसला तरी निभावतं, कारण एकटा विसरला तर बाकीचे ओढून नेतात. गर्दीही झटकन जमते. वाक्य मात्र सात-आठ शब्दांच्या वर गेलं की रस्त्याच्या गोंगाटात बुडतं. आकडे पाटीवर लिहावेत तर रिंगणातल्या निम्म्या लोकांना पाटीची मागची बाजू दिसते. यावर उपाय आहेत: पाटी दोन्हीकडून रंगवा, किंवा आकडा दोन बाजूंना तोंड करून दोघांकडून म्हणवून घ्या.

ज्यावर उपाय सापडत नाही ती गोष्ट म्हणजे घोषणा. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ असं कोरसनं एकदा म्हटलं की प्रेक्षक सूर धरतात, टाळ्या पडतात आणि त्या क्षणी व्यंग संपून मोर्चा सुरू होतो. कोरस एका तोंडानं बोलतो, त्यामुळे तिघांच्या भांडणाचं ‘आपण विरुद्ध सरकार’ होऊन बसतं. मागं उभी असलेली स्पर्धा परीक्षेवाली पोरं मग मोबाइल काढतात, कारण त्यांचा राग सरकारइतकाच पुढच्या रांगेतल्या पेन्शनरवरही असतो आणि त्याला पथनाट्यात जागा उरत नाही. घोषणा काढून टाकली तर पथनाट्याचा कणाच जातो. माझा कल फिरला तो इथंच. निव्वळ मागणी रेटायची असेल तर पथनाट्याला तोड नाही, हेही खरं.

बतावणीत दोघेच, म्हणून दोघांनाही आळीपाळीनं खरं बोलता येतं. सरदाराच्या जागी पेन्शनर, सोंगाड्याच्या जागी कंत्राटी पोरगा. नातं मामा-भाच्याचं ठेवा. काका-पुतण्या केलात तर महाराष्ट्रात लोक भलत्याच गोष्टीला हसतात. आकड्याचा प्रश्नही इथं सुटतो: सरदार आकडा सांगतो, सोंगाड्या चुकीचा ऐकतो, सरदार दुरुस्त करतो. एकच आकडा तीनदा कानावर पडतो आणि कुणाला शिकवणी वाटत नाही. एका टप्प्याला एकच आकडा, दोन घेतलेत की दोन्ही सांडतात.

मालमसाला तर तयारच आहे. १ नोव्हेंबर २००५ ला लक्ष्मीपूजन होतं.

‘मामा, पूजा झाली नि त्याच दिवशी लक्ष्मी गेली?’
‘अरे, तारीखच तशी पडली.’
‘मग माझी तारीख कुठली?’
‘तुला तारीख नाही रे. तुला अकरा महिने.’

इथं हशा पिकतो. तो ओसरायच्या आत भाच्यानं मामाच्या पेन्शनवर तोंडसुख घ्यावं, आणि मामानं शांतपणे विचारावं, ‘तुझी क्लासची फी कशातून जाते?’ आता कुणाच्या बाजूनं हसायचं हे प्रेक्षकाला ठरवता येत नाही. पथनाट्यात ही जागा मला तरी सापडत नाही. २००५ नंतरचा मधला गडी हवाच असेल तर आधी तमाशातली गवळण घ्या: कृष्ण गवळणींची वाट अडवून दान मागतो, तिथं १० टक्के कपात आयती बसते, आणि गवळणींबरोबरच्या मावशीला ‘परत कधी देणार रे?’ विचारायला लावा.

बतावणी फसते ती सोंगाड्यामुळे. पाठ केलेलं म्हणणारा सोंगाड्या चालत नाही, आणि स्वतःच्या विनोदावर हसणारा सरदार तर मुळीच नाही. ढोलकीवाला हजरजबाबी हवा, कोटीनंतर थाप अर्धा क्षण उशिरा पडली तरी हशा विरतो. तालमी पथनाट्याच्या दुप्पट धरा.

कागदपत्रांत मात्र बतावणी थोडी अडचणीची. रंगमंचावरच्या जाहीर प्रयोगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून आधी संमत करून घ्यावी लागते आणि आयत्या वेळच्या कोट्या संहितेत नसतात. तेव्हा सांगाडा लिहून द्या, राजकीय चिमटे त्यातच घाला, आयत्या वेळी फक्त गावातले संदर्भ बदला. सेवेतल्या माणसाला सरदार करू नका, वर्तणूक नियम १९७९ चे आहेत आणि सरकारवरची जाहीर टीका त्यांना पचत नाही. निवृत्त माणसाला भाचा करा आणि विशीतल्या पोराला मामा. दोघंही समोरच्याची बाजू जरा जास्तच मन लावून मांडतात.

शेवटी समेट नको. मामा-भाचे हातघाईवर आले की माजी आमदार एकदाच आत येऊ द्या, ‘भांडू नका, माझी ५० हजारांपासून सुरू होते’ एवढंच म्हणू द्या, आणि त्यानं पाठ फिरवायच्या आत ढोलकी.