झिजलेला एकच फेडर : रेझोल्यूम अरेना, सहा वर्षांनंतर

माझ्या मिडी कंट्रोलरवर, म्हणजे संगणकातलं सॉफ्टवेअर हातानं चालवायच्या पाटीवर, नऊ फेडर (सरकत्या पट्ट्या) आहेत. त्यातल्या एकाची पांढरी रेघ पार पुसली गेलीय. इफेक्टसाठी म्हणून राखून ठेवलेली आठ गोल बटणं मात्र कालच खोक्यातून काढल्यासारखी दिसतात. रेझोल्यूम अरेना हे कार्यक्रमात संगीताबरोबर थेट व्हिडिओ मिसळायचं सॉफ्टवेअर सहा वर्षं वापरल्यावर त्याबद्दल लिहायला बसले, तेव्हा पहिल्यांदा नजर गेली ती तिकडे.

मी मूळची १६ एमएम फिल्मवाली. १०० फुटांचं रीळ, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे जवळजवळ पावणेतीन मिनिटांत खेळ खलास. माझ्या बोलेक्स कॅमेऱ्याची चावी पूर्ण भरली तरी एका दमात अर्ध्या मिनिटाच्या आसपासच चालते. अशा उपासाची सवय असलेल्या बाईपुढे शेकडो क्लिपा एकदम मांडणारं सॉफ्टवेअर आलं आणि पहिले काही महिने मी अधाशासारखी वागले. सात लेयर, प्रत्येकावर तीन इफेक्ट. काय दिसत होतं ते आठवलं की आजही लाज वाटते.

रचना सोपी आहे. आडवे लेयर, उभे रकाने, मधल्या घरांत क्लिपा. एका लेयरवर एका वेळी एकच क्लिप वाजते. दुसरीवर बोट ठेवलं की पहिली जाते. आम्ही क्लिप ‘वाजवतो’च म्हणतो, ‘दाखवतो’ नाही, आणि हे सॉफ्टवेअर त्या क्रियापदाला जागतं. रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली की सगळ्या लेयरवरच्या क्लिपा एकदम सुरू होतात. तालावर चार वेळा बटण दाबून वेग सांगता येतो आणि क्लिपा त्या मापात बसतात. दोन दिवसांत एवढं कुणालाही जमेल.

माझं मन बसलं ते लेयर मिसळण्याच्या पद्धतींवर. बोलेक्समध्ये फिल्म उलटी फिरवून तिच्यावरच दुसऱ्यांदा चित्रण केलं की प्रकाशावर प्रकाश चढतो. इथला ‘अ‍ॅड’ म्हणजे तेच: दोन्ही चित्रांच्या उजेडाची बेरीज, आणि पहिलं चित्र काळं असेल तिथे दुसरं पूर्ण उमटतं. ‘मल्टिप्लाय’ म्हणजे दोन फिल्म एकावर एक ठेवून प्रोजेक्टरमधून काढल्यासारखं. दोन्ही पारदर्शक असतील तिथूनच उजेड निसटतो. याद्या खूप लांब आहेत, पण हाताला अर्थ लागतो तो या दोघांचाच. फरक एवढाच की तेव्हाची चूक रीळ लॅबमधून परत आल्यावर एकटीला कळायची. आता ती सगळ्यांना एकदमच कळते.

नवख्यांनी सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत. नेहमीच्या एच.२६४ फाइलमध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण नसतात, शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच त्यात लिहिलेलं असतं. जागा वाचते, सरळ बघायला काही अडत नाही. पण क्लिप उलटी फिरवली किंवा मध्येच उडी मारली, की संगणकाला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळं पुन्हा उभं करावं लागतं आणि चित्र अडखळतं. रेझोल्यूमचा स्वतःचा डीएक्सव्ही कोडेक प्रत्येक फ्रेम वेगळी दाबतो, तीही ग्राफिक्स कार्डाला थेट पचेल अशा रूपात. फाइल चांगलीच फुगते. पण फेडरला बोट लावून क्लिप पुढे-मागे ओढली तरी ती फिल्मसारखी, संपादनाच्या टेबलावरच्या रिळासारखी हलते. रूपांतरासाठी त्यांचंच अ‍ॅली नावाचं फुकट साधन आहे. मी स्कॅन केलेलं प्रत्येक रीळ आधी त्यातून काढते, मगच आत घेते.

आता माझा मूर्खपणा. कॉम्पोझिशनची फाइल म्हणजे फक्त मांडणी. कुठली क्लिप कुठे ठेवलीय याचे पत्ते त्यात असतात, क्लिपा नसतात. सगळ्या क्लिपा एका फोल्डरात गोळा करून देण्याची सोय आत आहे. मी ती वापरली नाही, नुसती फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर नेली आणि हॉलमध्ये उघडली तेव्हा घरं रिकामी. पेनड्राइव्हवर तीन क्लिपा सापडल्या: पाण्यावरचं ऊन, खरवडलेली फिल्म, एक हात. चाळीस मिनिटं त्या तिघींवर काढली, दोन लेयर आणि एक फेडर. प्रयोग छान झाला असं म्हणणार नाही, मधली दहा मिनिटं नुसती फरफट होती. पण नंतर रेकॉर्डिंग पाहताना पहिल्यांदाच मला कळलं की वादकाच्या श्वासाबरोबर मी उजेड कमी-जास्त करत होते. सात लेयर असताना तेवढा वेळच मिळायचा नाही.

म्हणूनच माझी मुख्य तक्रार म्हणजे यातल्या सुबत्तेची. इफेक्ट ढिगानं आहेत आणि सगळे लगेच देखणे दिसतात. पडद्यावर आरसे फुटल्यासारखी नक्षी आली की कुणी कुठलं बटण दाबलं हे आमच्या धंद्यातल्यांना मागच्या रांगेतूनही समजतं. आवाजाला चित्र जोडण्याची सोयही तशीच: बास वाजला की चित्र उडी मारतं, आणि तिसऱ्या मिनिटाला प्रेक्षकाला पुढच्या तासाचा अंदाज आलेला असतो. थॉमस विल्फ्रेडनं १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये क्लॅव्हिलक्स हे उजेडाचं वाद्य लोकांसमोर वाजवलं, तेही सरकत्या पट्ट्यांवर हात ठेवून. संगीताची साथ हवीच असं त्याला वाटत नव्हतं. रंगीत आकार सावकाश हलत राहायचे, बस्स.

अ‍ॅव्हेन्यू घ्यायचं की अरेना? दोन्ही रेझोल्यूमचीच, पहिलं लहान, दुसरं मोठं. एक पडदा, एक प्रोजेक्टर असेल तर अ‍ॅव्हेन्यू भरपूर झालं. भिंतीच्या, खांबाच्या आकारावर चित्र बसवायचं असेल, दोन प्रोजेक्टरांच्या कडा एकमेकांत विरघळवायच्या असतील किंवा रंगमंचाच्या दिव्यांशी डीएमएक्सनं, म्हणजे दिवे चालवायच्या संकेतपद्धतीनं, बोलायचं असेल, तर अरेना. मी तिरक्या छतावर केलेल्या एका कामासाठी ते घेतलं. चित्राचे तुकडे करून एकेक कोपरा ओढून बसवायला अर्धी रात्र गेली, पण बसलं ते बसलं. संकलनासाठी मात्र याच्याकडे वळू नका, ते त्याचं काम नाही. आणि स्वतःचं यंत्र स्क्रूपासून बांधायची हौस असेल तर टचडिझायनर हे दुसरं सॉफ्टवेअर बघा. तिथे पहिलं चित्र उमटायलाच आठवडा लागला तर मला दोष देऊ नका.

फुकट चाचणी आवृत्तीत सगळं उघडं असतं, पण चित्रावर त्यांचा छाप उमटतो. सरावाला तेवढं पुरतं. विकत घेतलं की वर्षभर नव्या आवृत्त्या मिळतात. पुढे पैसे भरले नाहीत तरी हातातली आवृत्ती चालूच राहते. माझं वर्ष केव्हाच संपलंय. नवीन आवृत्तीत आणखी इफेक्ट आलेत म्हणे. मी सध्या त्या एका फेडरला सुटा भाग मिळतो का ते शोधतेय.