जुनी जिप्सी की ठोकलेली झेनॉन?

माझ्या भाच्यासमोर सध्या दोन गाड्या आहेत. एक पेडण्यातली मारुतीची पेट्रोल जीप, जिप्सी किंग, चार वर्षं माडाखाली उभी असलेली. दुसरी साखळीकडच्या भंगारअड्ड्यावरची डिझेल पिकअप, टाटा झेनॉन, पुढून ठोकलेली पण मागचा हौदा जसाच्या तसा. त्याला ड्रॅग रेसचा ट्रक बांधायचाय, तोही घरच्या अंगणात, पगारातून उरेल त्या पैशांत, भंगारातले भाग जमवून. "मामा, कुठली घेऊ?" एवढाच त्याचा प्रश्न होता, पण फोनवर पुरेसं सांगता येईना. म्हणून सगळं लिहून काढतोय. त्याच्यासारखे आणखी कोणी याच पेचात असतील तर त्यांच्याही कामी येईल.

आमचं घर डिचोली तालुक्यात. खाणी चालू होत्या तेव्हा मी टिपरची, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकांची, कामं करायचो. मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या, टिपर उभे राहिले, एकेक करून कापले गेले. चेनपुली, जॅक, पान्हे आणि हाताची सवय मात्र राहिली. त्यातूनच मी स्वतःची जिप्सी बांधली आणि शेजारच्या मित्राची झेनॉन बांधायला दोन पावसाळे हात लावला. दोन्ही गाड्यांखाली झोपून झालंय.

आधी हिशेब. ड्रॅगची पूर्ण धाव पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची. उभ्या जागेवरून निघायचं आणि सरळ जायचं. वेळेचा अंदाज काढायला जुनं, साधं सूत्र आहे: चालकासकट गाडीचं वजन किलोत घ्या, त्याला अश्वशक्तीने भागा, उत्तराचं घनमूळ काढा आणि त्याला ७.६ ने गुणा. आले ते सेकंद. सूत्र थोडं उदार आहे, प्रत्यक्षात वेळ जास्तच लागतो, पण दोन गाड्या शेजारी ठेवून बघायला पुरतं.

जिप्सी किंग साधारण ९८५ किलो आणि ८० अश्वशक्ती. ७५ किलोचा चालक धरला तर १८ सेकंद. झेनॉनचं २.२ डायकोर इंजिन १४० चं, पण गाडी १८५० किलोच्या घरात, उत्तर १८.२ सेकंद. आता दोन्ही सोलून काढा. मागची सीट, स्टेपनी, छताचा हूड, आतलं अस्तर उतरवलं आणि चालकाला वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्याचं वजन वाढवलं तर जिप्सी ८७५ किलोवर येते, वेळ १७.३. झेनॉनमधून ३०० किलो काढले तर १७.२. पुढची पायरी बघा. जिप्सीत जुन्या बलेनोचं (आताची हॅचबॅक नव्हे, आधीची सेडान) १.६ इंजिन टाकलं तर सुमारे ९४ अश्वशक्ती मिळते आणि वेळ १६.४ वर उतरतो. झेनॉनचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रीमॅप करून, म्हणजे त्याची सेटिंग बदलून, १७० काढले तर १६.१.

म्हणजे कागदावर दोघींत निवडण्यासारखं जवळपास काहीच नाही. एक हलकी आणि अशक्त, दुसरी जड आणि दांडगी, दोघी एकाच वेळेला पोचतात. बरेच जण इथेच फसतात. झेनॉनची १४० अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन-मीटर टॉर्क हे आकडे बघून पैसे देऊन मोकळे होतात. निवड करायची ती मोडलं तर काय लागतं, जोडायला काय लागतं आणि थांबायला काय लागतं, यावरून.

जोडण्याचं आधी सांगतो, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालं. झेनॉनसारखं कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर डिझेल फवारणारं इंजिन म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा नव्हे. ईसीयू, इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप), किल्ली, ॲक्सिलरेटरचं पेडल आणि संपूर्ण वायरिंग हे सगळं एकाच गाडीचं असावं लागतं, नाहीतर स्टार्टर फिरतो आणि इंजिन काही पेटत नाही. मित्राच्या झेनॉनचं मूळ इंजिन गेलं होतं. जुन्या सफारीतही हेच २.२ यायचं म्हणून एका भंगारअड्ड्यावरून सफारीचं इंजिन आणलं. विकणारा म्हणाला, ईसीयू नंतर देतो. तो कधीच मिळाला नाही. इंजिन ताडपत्रीखाली जूनपासून चवथीपर्यंत पडून राहिलं. गोव्याच्या पावसाळी हवेत तेवढं पुरतं. इंजेक्टर बाहेर काढले तर टोकांवर गंजाची साय आली होती. शेवटी एक अख्खी अपघाती सफारी घ्यावी लागली. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: डिझेल घ्यायचं तर अख्खी गाडी घ्या, स्टार्ट होऊन चालती असलेली, आणि वायरिंगच्या एका तारेलाही कातर लावू नका. भाच्यासमोरच्या झेनॉनचा पुढचा भाग ठोकलेला आहे. रेडिएटर आणि इंटरकूलर गेलेत ते मिळतील. पण फ्यूजबॉक्स आणि ईसीयूकडे जाणारी वायरिंग चेंगरली असेल तर ती गाडी स्वस्त राहत नाही.

जिप्सीत हा त्रास फार कमी. किंगचं १२९८ सीसीचं एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) इंजिन मारुतीच्याच जुन्या एस्टीमच्या कुळातलं. अंगणात सडत पडलेल्या एस्टीम अजूनही गावोगावी दिसतात, त्यामुळे हेड, क्रँक, पंप, सेन्सर दारात मिळतात. बलेनोचं १.६ बसवायला माउंटिंग, खालचं तेलाचं भांडं आणि इनटेकमध्ये फेरफार लागतो, कारण ते मुळात आडवं बसणारं इंजिन. विकत घेण्याआधी दोन्ही इंजिनं शेजारी ठेवून बेलहाउसिंगचे, म्हणजे इंजिनाला गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे, बोल्ट डोळ्यांनी जुळवून बघा. कोणाच्या तोंडी हमीवर जाऊ नका. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, फ्लायव्हील स्किमिंग ही कामं मी चोर्ल्याच्या घाटातून वर बेळगावात उद्यमबागेत करून आणतो. तिकडच्या लेथवाल्यांना जुन्या इंजिनांची सवय आहे.

पेट्रोलचा एक तोटा सांगायलाच हवा. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या जिप्सीचे रबरी पाइप त्यासाठी बनलेलेच नाहीत. टाकीपासून इंजिनपर्यंत सगळे पाइप नवे घाला आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा. डिझेलवाल्याला एवढी धास्ती नसते.

आता मोडण्याचं. ड्रॅगमध्ये सगळा मार पहिल्या दोन सेकंदांत बसतो. दोन्ही गाड्यांना मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. क्लच सोडला की ॲक्सलचं हौसिंग उलटं फिरू बघतं, पाटे इंग्रजी एसच्या आकारात वळतात, मग झटक्याने सरळ होतात, आणि चाक जमिनीवर थडाथड आपटतं. माझ्या जिप्सीच्या पहिल्याच धावेत हे झालं. मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा पुढचा क्रॉस (सांधा) तुटला आणि शाफ्ट खाली आला. शाफ्टभोवती मी ५० मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड पट्टीचा फास वेल्ड केला होता, तो शाफ्टने बाहेरच्या अंगाला वाकवला. अंगठा बसेल एवढा खड्डा अजून तिथे आहे. तो फास नसता तर शाफ्टचं टोक जमिनीत रुतलं असतं आणि गाडी उलटली असती. भाच्याला मी सगळ्यात आधी तीच पट्टी दाखवली.

नवा क्रॉस मला म्हापशात त्याच संध्याकाळी मिळाला आणि खिसा फारसा हलका झाला नाही. झेनॉनचं तेच मोडलं तर हिशेब वेगळा. वजन जास्त, टॉर्क जास्त, त्यामुळे तुटतं तेव्हा मोठं तुटतं: क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, ॲक्सलमधले क्राउन-पिनियन गिअर. मित्राने एका मोसमात दोन क्लच जाळले. ॲक्सल बांधून ठेवायला आम्ही त्याला भंगारातल्या टिपरचा टॉर्क रॉड लावला, एक टोक हौसिंगवर, दुसरं चासीवर, बुश मात्र नवे. वजनाला भारी, पण आपटणं थांबलं. जिप्सीला साध्या जाड पाइपचा दांडा पुरला.

जिप्सीचं आणखी एक बळ लोकांच्या लक्षात येत नाही. तिचा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) हाय रेंजमध्येही १.४ ने गिअर आखूड करतो, म्हणून छोटं इंजिन असूनही ती जागेवरून सणकून निघते. फोर व्हील ठेवून निघालात तर टायर फिरायचा प्रश्नच येत नाही, पण वजन राहतं आणि पुढचे जॉइंट मार खातात. मी पुढचा शाफ्ट काढून टाकला. पुढचा ॲक्सल मात्र काढता येत नाही, तो सलग आहे आणि स्टिअरिंग त्यावरच आहे. मागच्या डिफरन्शिअलचे छोटे गिअर वेल्ड करून दोन्ही चाकं एक केली. वळताना गाडी रडते, पण धावपट्टी सरळ असते.

थांबण्यावर मी सगळ्यात कडक आहे. ४०२ मीटरच्या शेवटी दोघींचाही वेग ताशी १३० च्या आसपास. दोघींना पुढे डिस्क, मागे ड्रम. सोललेली झेनॉन चालकासकट १६२५ किलो, जिप्सी ९५०. वेग सारखा असला की ब्रेकला जिरवायची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे झेनॉनला जवळपास पावणेदोन पट. भंगारातल्या ब्रेकवर हे झेपत नाही. म्हणून कुठलीही गाडी घ्या, काही गोष्टी नव्याच घ्या: ब्रेकचे पाइप, कॅलिपरची किटं, क्लचप्लेट, इंधनाचे पाइप, व्हील स्टड, टायर आणि सीटबेल्ट. भंगारातल्या सीटबेल्टने आधीच एक अपघात झेललेला असतो, तो ताणलेला आहे की नाही हे नजरेला कळत नाही. सीट, गिअरबॉक्स, ॲक्सल, रेडिएटर खुशाल जुनं घ्या.

पिंजरा घरच्या आर्क वेल्डिंगवर करू नका. मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाची, २.५ मिलिमीटर जाडीची सीमलेस नळी, बाकीला ३८ ची, आणि वेल्डिंग चांगल्या हाताचं. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत करून घेतलं. माझ्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा तोच, इंजिनपेक्षाही मोठा, आणि मला तो कधी खटकला नाही.

कागदपत्रांत जिप्सी चक्क स्वस्त पडू शकते. चालू कागदांची जिप्सी जंगलात फिरणारे हौशी चढ्या भावाने नेतात. तुम्हाला रस्त्यावर चालवायचीच नाही, तेव्हा नोंदणी रीतसर रद्द झालेली शोधा. चासी नंबर खोडलेला नसावा, विक्रीचा कागद हातात असावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत गाडीत मनाजोगते मोठे बदल करता येत नाहीत, आणि कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रात्री मोपाच्या किंवा झुआरी पुलाच्या नव्या रस्त्यावर जाऊन बघू, असं कोणी म्हणाला तर त्याच्याबरोबर गाडी बांधू नका. आमची गाडी ट्रेलरवरूनच जाते. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग भरतात, इकडून तीच सोयीची. मोटरस्पोर्ट फेडरेशनचं लायसन्स लागतं. चासीला कटर लावण्याआधी त्या वर्षीची नियमावली आणि आपला वर्ग वाचून घ्या. डिझेलचा वर्ग वेगळा असला तर झेनॉनला तिथे बळ मिळतं, हे खरं.

माझं मत सांगतो. पहिलीच गाडी असेल आणि पैसे महिन्याच्या महिन्याला जमवायचे असतील तर जिप्सी. तिचं इंजिन दोघांनी चेनपुलीवर उचलता येतं, मोडलेला भाग तालुक्यात मिळतो आणि चूक झाली तर ती लहान असते. झेनॉन कोणी घ्यावी? ज्याच्याकडे ती आधीच दारात आहे, चालू आहे, आणि वर्षभराचे क्लचचे पैसे बाजूला काढलेत त्याने. बोलेरो पिकअपमध्ये स्कॉर्पिओचं इंजिन टाकायचं बरेच जण सुचवतात. त्यात झेनॉनचं वजन आणि वायरिंगचा ताप दोन्ही येतात, वर माउंटिंगचं काम वेगळं.

पण पेडण्याची ती जिप्सी घ्यायची की नाही हे तिची चासी ठरवेल. माडाखालची खारी हवा आणि चार पावसाळे म्हणजे थोडंथोडकं नव्हे. येत्या रविवारी आम्ही दोघे जातोय. बरोबर टॉर्च, जाड स्क्रू-ड्रायव्हर आणि छोटी हातोडी. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे चासीला वेल्ड केलेले आहेत तिथे आडवं पडून हातोडी मारायची. खणखणीत आवाज आला तर पुढचं बोलणं. बद्द आवाज आला की स्क्रू-ड्रायव्हर टोचायचा. तो आत गेला आणि लाल भुकटी चेहऱ्यावर पडली तर रंग कितीही चांगला असो, भाव कितीही उतरो, तिथून निघायचं. मग साखळीच्या झेनॉनकडेही वळायचं नाही. एस्टीमचं इंजिन मात्र तोवर घेऊन ठेवायला हरकत नाही, ते कोरड्या जागी तेल मारून ठेवलं तर त्याचे भाग पुढच्या जिप्सीलाही कामी येतील.