विश्रामबागेतील औषध दुकान : सूज उतरवणाऱ्या गोळ्यांच्या निमित्ताने

सांगलीत विश्रामबाग भागातील या औषध दुकानातून आम्ही वडिलांच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या नियमितपणे घेतो. हृदयाचे पंपिंग कमी झाल्यामुळे त्यांच्या पायांवर सूज येते, घोट्यावर अंगठा दाबला की पडलेला खळगा बराच वेळ भरत नाही, आणि त्यासाठी मिरजेच्या डॉक्टरांनी फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम व जोडीला स्पिरोनोलॅक्टोन लिहून दिले आहे. किमतीत सवलत हल्ली कुठेही मिळते. इथे काउंटरवर चौकशी होते, ती अन्यत्र होत नाही.

गुडघे दुखतात म्हणून वडिलांनी मागे डायक्लोफिनॅक मागितले, तेव्हा तिथल्या फार्मासिस्ट बाईंनी "काका, सुजेच्या गोळ्या चालू आहेत ना?" असे विचारले आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते देण्यास नकार दिला. अशा वेदनाशामकांमुळे अंगात मीठ व पाणी साठते, सुजेच्या गोळीचा परिणाम घटतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, हे त्यांनी मागे रांग असतानाही समजावले. एकदा फ्युरोसेमाइड संपले होते, तेव्हाही त्यांनी परस्पर टॉर्सेमाइड हाती ठेवले नाही. दोन्ही एकाच गटातील असली, तरी ४० मिलिग्रॅम फ्युरोसेमाइडच्या जागी साधारण २० मिलिग्रॅम टॉर्सेमाइड लागते, त्यामुळे पट्टीवरचा आकडा जुळवून गोळी बदलता येत नाही.

पाकिटावर त्या 'सकाळी ८, दुपारी २' असे ठळक लिहून देतात. फ्युरोसेमाइडचा परिणाम तासाभरात सुरू होऊन सुमारे सहा तास टिकतो. दुसरी गोळी रात्री घेतली तर झोपेचे खोबरे ठरलेलेच. स्पिरोनोलॅक्टोनमुळे शरीरात पोटॅशियम राहते आणि शहाळ्यातही ते भरपूर असते, म्हणून रोज शहाळे पिण्याची वडिलांची सवय डॉक्टरांच्या कानावर घालण्याचा सल्लाही इथलाच. लोणचे-पापड मात्र त्यांनी अजून सोडलेले नाहीत, त्याला दुकान तरी काय करणार!

उणीव एकच, पण दुर्लक्ष करण्यासारखी नाही. बाई नसताना मदतनीस मुले पट्टी अशी कापतात की मुदत संपण्याची तारीख नेमकी दुकानातल्या तुकड्यावर राहते. सुट्या गोळ्या घेणाऱ्यांनी बिलावरील बॅच क्रमांक व मुदत तिथेच तपासून घ्यावी, आणि शक्य असेल तर अख्खी पट्टीच मागावी.