कोरलच्या टँकमध्ये ड्वार्फ एंजल: आधी कोरल बघा, मग मासा निवडा

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये ड्वार्फ एंजल, म्हणजे छोट्या जातीचा एंजल मासा, आणायचा विचार सुरू झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा कोरल (प्रवाळ) खातो का? याला ठाम 'हो' किंवा 'नाही' म्हणणाऱ्यावर विसंबून मासा आणू नका. एकाच जातीचे दोन मासे दोन तऱ्हेने वागतात. वर्ष-दीड वर्ष गुण्यागोविंदाने राहिलेला मासाही अचानक झोअँथस (झुपक्याने वाढणारे बटणासारखे मऊ कोरल) टोचायला लागू शकतो. त्यामुळे प्रश्नच थोडा बदलून घ्यावा: माझ्या टँकमधलं कुठलं कोरल गेलं तर मला चालणार नाही?

सेंट्रोपायगी वंशातले हे मासे समुद्रात दिवसभर खडकांच्या फटींतून फिरत राहतात. शेवाळाचे धागे, त्यात अडकलेला गाळ, बारीक जीव, स्पंज, जे मिळेल ते खुडतात. मांसल कोरलच्या अंगावरचा चिकट स्रावही त्यांना अन्नच वाटतो. ही खोड नव्हे, त्यांची जगण्याची रीत आहे.

आता तुमचं कोरल. लेदर, मश्रूम, केनिया ट्री असा सॉफ्ट कोरलचा टँक असेल तर फारशी चिंता नाही, कारण त्यांच्याकडे हे मासे सहसा वळत नाहीत. अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरासारख्या एसपीएसच्या, म्हणजे बारीक पॉलिप (कोरलचे इवले जीव) असलेल्या कठीण कोरलच्या, मोठ्या वसाहतीला अधूनमधून बसलेली टोच सोसते. नुकताच चिकटवलेला बोटभर तुकडा मात्र पॉलिप मिटून बसतो आणि वाढायचा थांबतो. खरा धोका मांसल एलपीएसला, म्हणजे मोठ्या पॉलिपच्या कठीण कोरलला. ट्रॅकिफिलिया, लोबोफिलिया, स्कोलिमिया यांचं फुगलेलं मांस त्यांना फार भुलवतं. झोअँथस आणि ट्रायडॅक्ना शिंपल्याची उघडी रंगीत कडा यांनाही त्याच यादीत धरा. असा संग्रह जिवापाड जपलेला असेल तर माझं मत सरळ आहे: सेंट्रोपायगी आणू नका.

बाकीच्यांसाठी निवड बहुतेक वेळा कोरल ब्यूटी आणि फ्लेम या दोघांत येऊन थांबते.

कोरल ब्यूटी गडद निळा-जांभळा, बाजूंना नारिंगी आणि त्यावर बारीक उभ्या रेषा. साधारण 10 सेंटिमीटरचा. नव्या टँकमध्ये लवकर रुळतो, खायला लागायला फार दिवस लावत नाही आणि या वंशातल्या चिवट माशांत गणला जातो. फ्लेमचा लाल-नारिंगी रंग आणि काळे उभे पट्टे एकदा समोर आले की नजर हटत नाही, हे मलाही मान्य. पण तो जास्त दांडगट असतो आणि टँकमध्ये जम बसला की नंतर आलेल्या लहान माशांना खडकाजवळ फिरकू देत नाही. कोरल टोचण्यात दोघांत फार अंतर नाही. म्हणून पहिलाच ड्वार्फ एंजल असेल तर मी कोरल ब्यूटीच सुचवेन. दोघांनाही किमान 250 ते 300 लिटरचा, भरपूर खडक आणि फटी असलेला, काही महिने मुरलेला टँक हवा. खडकावर शेवाळच नसलेल्या कोऱ्या टँकमध्ये मासा टोचणार तरी काय? उरतं ते कोरलच.

लेमनपील आणि बायकलर दिसायला देखणे, पण कोरलसोबत मी टाळेन. लेमनपीलचं पोट शेवाळावर चालतं आणि ते कमी पडलं की तो कोरलकडे वळतो. बायकलर टोचण्यात पुढे आणि आणल्यावर तगण्यात मागे. पश्चिम अटलांटिकमधला चेरब जेमतेम 8 सेंटिमीटरचा, कोरलला तुलनेने कमी त्रासदायक, मात्र आकाराच्या मानाने भलताच भांडखोर. तो आणायचा तर सगळ्यात शेवटी सोडा.

मांसल एलपीएसही हवं आणि एंजलही हवाच, असं असेल तर जेनिकँथस वंशाकडे वळा. हे ड्वार्फ नव्हेत. जातीनुसार 15 ते 25 सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि खडक खुडण्याऐवजी मोकळ्या पाण्यात तरंगणारे सूक्ष्मजीव खातात. त्यामुळे कोरलकडे बहुधा बघतही नाहीत. नर-मादीचे रंग वेगळे, हे एंजलमध्ये क्वचितच आढळतं. बदल्यात त्यांना लांबलचक टँक लागतो, 450 लिटरच्या खाली विचार नको. उडी मारतात म्हणून वर जाळीही हवी. यातले बरेच मासे खोल पाण्यातून वर आणलेले असतात, तेव्हा घेण्याआधी तो तोल सावरून सरळ पोहतोय का, हे निवांत उभं राहून बघा.

मासा टँकमध्ये आल्यावर टोचणं ओळखायचं कसं? माझ्याकडच्या कोरल ब्यूटीने मला हे शिकवलं. कोरलच्या कडेला साचलेलं शेवाळ खुडताना तो एक टोच मारून पुढे सरकायचा. ट्रॅकिफिलियापाशी मात्र थांबायचा, अंग किंचित तिरकं करायचा, टोचायचा आणि तिथेच परत यायचा. त्या कोरलची एक कड आधी आत ओढली गेली, मग मांस आक्रसून खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागला. पोट भरलेलं असतानाही मासा एकाच जागी परत येत असेल तर वाट बघू नका. दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं खाद्य, त्यात नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) आणि स्पंज मिसळलेलं गोठवलेलं खाद्य दिलं की टोचणं कमी होतं, पण थांबेलच याची हमी नाही.

मासा परत काढायचा म्हणजे खरी कसोटी. खडकांच्या रचनेत त्याला जाळ्याने पकडता येत नाही. त्यातून एंजलच्या गालाशी एक काटा असतो, तो जाळ्यात अडकला की मासा जखमी होतो. पारदर्शक पेटीसारखा सापळा आधीच आणून ठेवा. तो दार उघडं ठेवून चार-पाच दिवस टँकमध्ये राहू द्या, खाद्य फक्त त्यातच टाका. मासा बिनधास्त आत-बाहेर करायला लागला की मगच दार पाडा आणि त्याला पाण्यासकट पेटीतूनच बाहेर घ्या.