जुन्या बंदुकीची ‘लंडनची किंमत’ सांगत कोणी आलं तर

सासरे वारल्यावर सत्तरी तालुक्यातल्या त्यांच्या कुळागरातली (बागायतीतली) दुनळी बंदूक रीतसर मेहुण्याच्या परवान्यावर चढली. पोफळी-केळींत रानडुकरं शिरतात, त्यासाठी ठेवलेली. गोव्यात अशा शेतराखणीच्या बंदुका अजून घरोघरी सापडतात, आणि त्या हेरत फिरणारेही.

आमच्याकडे आलेला ‘तज्ज्ञ’ जुनं फर्निचर, चिनी मातीच्या बश्या घेणाऱ्या एकाच्या ओळखीने आला होता. हातात पांढरे मोजे, डोळ्याला भिंग. नळ्यांवरची नागमोडी नक्षी आणि वरचं इंग्रजी नाव बघून म्हणाला, “लंडनची, १८५० ची. आठ लाख कुठे गेले नाहीत. तिथल्या लिलावात घालू.” पुढे मूल्यांकनाची फी, फोटोंची फी, लिलावाची अनामत असं करत मेहुण्याकडून ४५,००० रुपये उकळले. बदल्यात सोनेरी किनारीचं एक प्रमाणपत्र मिळालं. मग त्याचा फोन बंद.

खरं काय ते कळलं बंदुकीचा घोडा दुरुस्तीला नेला तेव्हा. परवाना असलेल्या दुकानातल्या कारागिराने पुढचं लाकूड काढलं, नळ्या सोडवून उलट्या धरल्या. बुडाशी लंबगोलात ईएलजी ही अक्षरं, खाली तारा, वर मुकुट. हा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या बंदूक-चाचणीगृहाचा छाप, आणि त्यावर मुकुट आला १८९३ पासून. लाकडाखाली झाकलेल्या भागात नक्षीचा पत्ताच नाही, साधं पोलाद. अशी नागमोडी नक्षी असलेल्या खऱ्या ‘दमास्कस’ नळीत लोखंड आणि पोलादाचे पट्टे पिळून जोडलेले असतात, त्यामुळे नक्षी धातूतच असते. ही वरून उठवलेली. नावही एका नामांकित इंग्रज कारखान्याचं वाटावं असं, पण स्पेलिंगमध्ये एक अक्षर वेगळं. त्या काळी बेल्जियमहून असा स्वस्त माल भरपूर निघायचा.

मुळात १८५० हेच हास्यास्पद. तेव्हा इंग्लंडात शिकारीच्या बंदुका ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, होत्या. बुडाच्या मधोमध टिकली असलेलं, आमच्या बंदुकीत बसतं तसं काडतूस तिथे १८६१ च्या सुमारास आलं. भिंगवाल्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. नळ्या सोडवायला तो तयार नव्हता, “जुना माल, मोडेल” म्हणाला, ते उगाच नव्हे.

आणि लंडनचा लिलाव? शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे त्याच्याच तोंडची तारीख खरी धरली तरी सौदा बेकायदा. देशात विकायची तरी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, आणि घेणाऱ्याकडे परवाना हवा. ‘अँटिक आहे, परवाना कशाला’ असंही तो म्हणत होता. ती सूट दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशा हत्याराला आहे. आमची बंदूक बार काढते.

किंमत काढायचीच असेल तर नळ्या सोडवून बुडाचे छाप समोर दाखवायला सांगा, तेही परवानाधारक दुकानातच. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. मेहुण्याने तक्रार द्यायला उशीर केला आणि तोवर ते खातं रिकामं झालं होतं.